शामुवेलमामांची साक्ष

शामुवेलमामा बाजारात भाजी घ्यायला गेले की काट्याकडे पाठ करून उभे राहायचे. "वांगे दे माय अर्धा किलो," एवढं म्हणायचे आणि लगेच वळून समोरच्या चपलांच्या दुकानाकडे पाहत राहायचे. महागावच्या भाजीवाल्या बाया त्यांना पुरत्या ओळखून होत्या. एखादी मुद्दाम ओरडायची, "मामा, पाहा बरं, मी काटा मारून राह्यली!" मामा पाठमोरेच हसायचे. "मार माय, मार. तुया अन् देवाच्या मधात मी कायले येऊ?" मग ती बाई लाजून दोन वांगी जास्तीची टाकायची. मला वाटायचं, या माणसानं स्वस्तात भाजी मिळवायची नामी युक्ती शोधून काढली आहे. आता तसं वाटत नाही. पण मग काय वाटतं, असं कुणी विचारलं तर मला धड सांगताही येणार नाही.

बसस्टँडजवळ अब्बांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि मी गावातल्याच शाळेत गणित शिकवायचो. मामांची लुना महिन्यातले निम्मे दिवस आमच्या गॅरेजात असायची. ती चालू करण्याआधी मामा डोळे मिटून प्रार्थना करायचे. अब्बा म्हणायचे, प्रार्थना राहू दे, आधी प्लग बदल. मामा यायचे तेव्हा अब्बांना "सलाम" करायचे. ख्रिस्ती लोक एकमेकांना सलामच करतात, आणि आमच्यातही सलामच. त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाला हा उंच, वाकलेला म्हातारा आमचाच कुणी पाहुणा वाटायचा. अब्बा ती चूक कधी दुरुस्त करत नसत.

मामा जन्मानं ख्रिस्तीच, पण त्यांच्या भाषेत 'नावापुरते'. वीसेक वर्षं ते कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे मापारी होते. अंगणात तीन बल्ल्या उभ्या करून मोठा काटा टांगलेला असायचा, एका बाजूला वजनं, दुसऱ्या बाजूला कापसाचं गाठोडं. मापाऱ्यानं गाठोडं सरळ करायच्या निमित्तानं जवळ जायचं आणि गुडघ्यानं खालून हळूच आधार द्यायचा. तेवढ्यानं कापूस कमी भरतो. शेतकरी काट्याच्या जिभेकडे पाहत असतो, मापाऱ्याच्या गुडघ्याकडे कोण पाहणार! "शेठनं मले तोंडानं कदी सांगतलं नाई," मामा म्हणायचे, "मापारी ठेवतानीच तो गुडघा पाहून ठेवत होता."

मग एकदा यवतमाळला मोठ्या मैदानात तंबू ठोकून सभा झाल्या. मामा गेले ते म्हणे तिथलं जेवण चांगलं असतं म्हणून. तिथं कुणीतरी सांगितलं की पापाची फेड तुला करायची नाही, ती झालेली आहे, तू फक्त हात पुढे कर. मामा रात्रभर रडले आणि दुसऱ्या दिवशी शेठची नोकरी सोडून आले. पुढे चर्चच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत मंडळीच्या, वसतिगृहावर चौकीदार म्हणून लागले. पगार कमी होता, पण मामांचा आनंद पाहून वाटायचं यांना कुणी वतन दिलंय.

त्यांच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. उपदेश सुरू होण्याआधी कुणीतरी उभं राहतं आणि आपण आधी काय होतो, कशातून सुटलो, ते सगळ्यांसमोर सांगतं. बहुतेकांची साक्ष दारूची नाही तर भांडणाची. मामांची गुडघ्याची. ते चादरीचं गाठोडं बांधून घ्यायचे, एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाच्या हातात धरायला द्यायचे आणि गुडघा कसा लागत होता ते करून दाखवायचे. "पाहा, आता जड लागते? आता?" लोक हसून लोटपोट व्हायचे. मग मामांचा आवाज एकदम खाली यायचा. "अन् प्रभूनं मले कायचाच हिशेब इचारला नाई. म्हने, शामुवेल, जाय, मोकळा झाला तू." एवढं झालं की बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, कुठल्याही गावी निघाले की मामांना बरोबर न्यायचे. गॅरेजच्या बाकावर बसून मीही ती साक्ष कितीदा ऐकली. दर वेळी तिच्यात थोडी भर पडलेली असायची.

एक दिवस अब्बा कुणाच्या तरी जीपखाली पडून काम करत होते आणि मामा बाकावर बसून एका ट्रकड्रायव्हरला साक्ष सांगत होते. 'मोकळा झाला तू' झालं. ड्रायव्हर निघून गेला. जीपखालून अब्बांचा आवाज आला.

"सॅम्युअलभाई, एक बात पूछूँ? जिसका कपास गया, उसको पूछा क्या?"

"कोनाले?"

"जिसका गया उसको."

"देवानं माफ केलं ना भाऊ."

"अल्ला अपना हक माफ करेगा. बंदे का हक तो बंदाच माफ करेगा."

मामा हसले. "तुमच्यात तसं असन. आमच्यात फुकट हाय."

"फुकट तुमको मिला," अब्बा म्हणाले, "उसको क्या मिला?" आणि मला म्हणाले, "बारा नंबर का पाना दे."

अब्बांचा काही मामांना टोचायचा हेतू नव्हता. त्यांना आपलं एक कळत नव्हतं, ते त्यांनी विचारलं. नंतर दोघांनी चहा घेतला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. पण मामा निघाले ते लुना तिथेच ठेवून, पायी. अब्बा म्हणाले, अरे, गाडी तर नीट झाली होती.

ते कापसाचे फार वाईट दिवस होते. भाव पडलेला, बोंडात अळी, आणि पेपर उघडला की आपल्याच जिल्ह्याच्या कुठल्यातरी गावाचं नाव. पाळकसाहेबांना गावोगावहून प्रार्थनेसाठी बोलावणी यायची, ख्रिस्ती नसलेल्यांचीसुद्धा. तसंच एका बंजारा तांड्यावरून बोलावणं आलं. तिथला एक तरुण मोठ्या आजारातून उठला होता आणि त्याला आपल्या अंगणात प्रार्थना करून घ्यायची होती. मामांची लुना रुसलेली, म्हणून मी त्यांना माझ्या मोटरसायकलवर घेऊन गेलो.

अख्खा तांडा जमला होता. मामांनी साक्ष दिली. गाठोडं झालं, गुडघा झाला, हसणं झालं. आवाज खाली आला. आणि 'मोकळा झाला तू' म्हणून मामा खाली बसणार, तोच मागून एक बाई उठली. पन्नाशीची, हातात चांदीच्या बांगड्या, नुकतीच कापूस वेचून आलेली असावी, कारण केसात कापसाचे धागे अडकलेले होते. तिचं नाव जमनाबाई.

"कोनत्या शेठकडं होते तुम्ही?"

मामांनी नाव सांगितलं.

"आमच्या तांड्याचा कापूस तिथंच जात होता. आमचाबी मारला?"

"मारला असन माय," मामा अजून आनंदातच होते, "सगळ्यायचाच मारला मी."

जमनाबाई बायांमधून वाट काढत पुढे आली. मग बोलायला लागली, अगदी सावकाश. वेचणाऱ्या बायांना किलोवर मजुरी द्यावी लागते, म्हणून रोजचा कापूस ती स्वतः तोलायची. घरात किती कापूस आहे ते तिला तोंडपाठ असायचं. एका वर्षी तिचा दीर देविदास बैलबंडीत भरून कापूस शेठकडे घेऊन गेला आणि परत आला तेव्हा माप कमी भरलेलं. तिनंच ते नवऱ्याच्या लक्षात आणून दिलं. "दीर म्हने मी नाई घेतला. देवाची शप्पथ खाल्ली त्यानं. तरी नवऱ्यानं त्याले बैलाच्या दोरानं मारलं. पोरगा घरातून निघून गेला तो गेलाच. माया लग्नात तो इतकासा होता जी. माया मांडीवर बसून जेवला. अन् मीच त्याले चोर म्हनलं. नवरा दुखण्यात गेला, तो बी त्याचंच नाव घेऊन गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्या देवानं तुमाले माफ केलं, चांगलं केलं. मले इचारलं होतं काय त्यानं?"

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गाणं सुरू केलं, पण चाल इतकी वर धरली की दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे आवाज फाटले. मामा गाठोडं पोटाशी धरून बसून होते.

त्यानंतर मामांनी साक्ष देणं बंद केलं. ते एक वेळ चाललं असतं, पण त्यांनी प्रभुभोजन घेणंही बंद केलं. महिन्यातून एकदा त्यांच्या उपासनेत भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरस सगळ्यांना देतात. पापातून सुटल्याची ती खूण. ताट मामांसमोर आलं की ते मान खाली घालायचे आणि ताट पुढे जायचं. छोट्या गावात छोटी मंडळी, अशी गोष्ट लपते थोडीच! पाळकसाहेब तरुण होते, मनापासून काम करणारे. मामा मंडळीत भेटले की नुसतं हूं हूं करायचे म्हणून ते त्यांना गाठायला गॅरेजात आले.

"मामा, कृपा म्हणजे कृपा. आपण तिची किंमत भरायची नसते. तुम्ही भाकर नाकारता म्हणजे वधस्तंभावर झालेलं काम अपुरं पडलं, असंच म्हणता की नाही?"

"तुमचं बरोबर हाय साहेब," मामा म्हणाले, "लोकायले मीच सांगत होतो हे. पन हातच उठत नाई, काय करू?"

मला पाळकसाहेबांचं पटलं. अब्बांचंही पटलेलं होतंच. मी गणिताचा मास्तर. एका उदाहरणाची दोन उत्तरं आली की माझं डोकं दुखायला लागतं. त्या दिवशी मी शाळेत पोरांवर विनाकारण ओरडलो.

मामांनी मग एक वेगळंच काढलं. सुट्टीच्या दिवशी ते तांड्यावर जायचे आणि जमनाबाईच्या शेतात कापूस वेचायला उभे राहायचे, मजुरी न घेता. आमच्याकडे कापूस वेचणं हे बायांचं काम. कमरेला ओटी बांधलेला हा साठीचा उंच म्हातारा बायांच्या रांगेत उभा राहिला की बांधावरून जाणारी माणसं थांबून पाहायची. जमनाबाईनं पहिल्या दिवशी हाकललं. दुसऱ्या वेळी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "वेचा, पन पालापाचोळा नका आनू." मामा वेचण्यात अगदीच कच्चे. बोंडात निम्मा कापूस तसाच राहायचा आणि ओटीत सुकलेल्या पानांचा चुरा यायचा. बाया एकमेकींना खुणा करायच्या.

संध्याकाळी मी त्यांना आणायला गेलो तेव्हा तोल चालला होता. एकेका बाईचं गाठोडं काट्याला लागत होतं. मामांचं लागलं तशी जमनाबाई जवळ गेली, लुगडं जरा वर खोचलं आणि गाठोड्याखाली आपला गुडघा लावला. काटा वर गेला.

"असंच ना?" तिनं विचारलं.

बाया हसून हसून खाली बसल्या. मामाही हसले. "थोडं खालून लावा माय, तिथं दिसते." मग एकाएकी त्यांचा चेहरा कसातरी झाला आणि ते जाऊन बांधावर बसले. जमनाबाई त्यांच्या मागोमाग गेली.

"कापूस वेचून काय होते हो? मले कापूस नाई पाह्यजे. माया देविदास आनून द्या. त्याले जाऊन सांगा, तू चोर नोयता, मी होतो."

"मंग माफ कराल माय?"

"मंगचं मंग पाहू."

देविदास तिकडे झरी जामणीच्या जंगलात बांबू कटाईवर आहे, एवढं तांड्यातल्या लोकांना माहीत होतं. तो तांड्यावर यायला तयार नव्हता आणि त्याला आणायला जायचं तोंड कुणाला नव्हतं. आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवर निघालो, जवळजवळ अख्खा जिल्हा आडवा ओलांडून. अर्ध्या वाटेपर्यंत मामा मागे बसून गाणी म्हणत होते. जंगल लागल्यावर गाणी थांबली आणि ते देविदासशी काय बोलायचं त्याचा सराव करायला लागले. "तू चोर नोयता बापा, मी होतो." मग जरा वेळानं, "बापा म्हनू का बेटा म्हनू, मास्तर?" मी म्हटलं, काहीही म्हणा, पण हलू नका, रस्ता खराब आहे.

देविदासचं घर कोलाम आदिवासींच्या एका वस्तीच्या कडेला होतं. कुडाच्या भिंती, पण अंगण लख्ख सारवलेलं. तिशीचा, बारीक, जेमतेम दाढीचा माणूस. बायको, दोन लहान लेकरं. महागावहून आलो म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मामांनी बापाही म्हटलं नाही आणि बेटाही नाही. त्याचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. गुडघा कसा लागायचा, शेठ कोण होता, जमनाबाई काय म्हणाली. "तू चोर नोयता. चोर मी. तुले मार माया पायी बसला." मामा रडत होते. मला वाटलं आता तोही रडेल, गळ्यात गळा पडेल आणि आम्ही अंधाराच्या आत परत निघू.

देविदासनं हात सोडवून घेतले. मग बायकोला म्हणाला, "च्या ठेव." ती आत गेली. लेकरांना त्यानं वस्तीकडे पिटाळलं. आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुमी मारला असन. पन मी बी काढला होता."

"काय काढला होता?"

"कापूस. रस्त्यात एका दुकानदाराले एक गाठोडं देल्लं. हिच्यासाठी साडी घ्याची होती. तवा लगन नोयतं झालं आमचं." तो घराच्या दाराकडे पाहत होता. "दादानं मारलं, त्याचं काई नाई. मोठा भाऊ होता, मारनच. पन मी देवाची शप्पथ खाल्ली खोटी. ते तोंड घेऊन त्या घरात कसा राहू?"

मामा खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "केवढं होतं गाठोडं?"

"आठवत नाई आता. तुमी किती मारला होता?"

"मले बी आठवत नाई."

चहा आला. दोघं बशीत ओतून पीत होते आणि दोघंही जमिनीकडे पाहत होते. मामा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी तं हिशेबाचे मानूस. सांगा, कोनाचा किती?" मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "वेचलेला कापूस ओलसर असतो. घरात वाळला की तोही थोडा कमी भरतोच." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

निघताना देविदास म्हणाला, "याडीले सांगू नका." बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. वहिनीला तो याडी म्हणायचा.

"नाई सांगत," मामा म्हणाले. "सगळा मीच मारला, असं सांगतो. तू दिवाळीले घरी जाय."

परतीच्या वाटेवर माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, हे खोटं झालं. आणि दुसरं असं की जमनाबाईनं देविदासला चोर म्हटलं ते काही अगदीच चूक नव्हतं. तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेतलं तर ती बिचारी जन्मभर समजणार, आपण निर्दोष पोराला हाकललं."

"थांबवा गाडी."

मी थांबवली. मामा उतरून सागाच्या झाडाखाली उभे राहिले. "म्हनजे खरं सांगतलं तं पोरगा पुन्हा चोर. खोटं सांगतलं तं ते माय पापी. अन् खोटं बोलनारा मी, मी पुन्हा होतो तिथंच." ते माझ्याकडे पाहत राहिले. "तुमचे अब्बा काय म्हनतीन?"

"विचारू ना घरी गेल्यावर."

"नको," मामा घाईनं म्हणाले, "नका इचारू."

त्यांनी डोळे मिटले. एक बांबूनं भरलेला ट्रक गेला, मग एक एसटी गेली. मामांचे ओठ हलत होते. डोळे उघडल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला देव?"

"काईच नाई. आयकून घेतलं फक्त." आणि ते गाडीवर बसले.

दुसऱ्या दिवशी ते तांड्यावर जाऊन सांगून आले: सगळा मीच मारला. जमनाबाईनं ऐकलं, घरात गेली आणि दार लावून घेतलं. मामांनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटत होतं की वाईट, हे मला कळलं नाही. त्यांनाही कळत नसावं. मी मात्र त्यांच्यावर चिडलो होतो. इतकी वर्षं हा माणूस खरं बोलण्याच्या जोरावर उड्या मारत होता, आणि बोलायची वेळ आली तेव्हा खोटं बोलून आला. त्याच वेळी मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटत होती की चिडणंही धड जमेना.

दिवाळीला देविदास बायको-लेकरांना घेऊन आला. जमनाबाईचा निरोप होता, म्हणून आम्ही दोघंही गेलो. अंगणात तांड्यातली जाणती माणसं बसली होती. देविदास समोर आला आणि जमनाबाईनं जे केलं ते तांड्यावर कुणी पाहिलं नव्हतं. तिनं हात जोडले आणि धाकट्या दिराच्या पाया पडायला वाकली.

तो दोन पावलं मागे सरला. दोघं आपल्या बोलीत बोलत होते. शाळेतल्या पोरांमुळे मला ती बरीचशी समजते.

"याडी, थांब. मला काही सांगायचं आहे. तो कापूस..."

जमनाबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मला काही ऐकायचं नाही."

"याडी, ऐक तर..."

"जेवायला चल म्हणते ना!" आणि दंडाला धरून, एवढ्या मोठ्या माणसाला ओढत ती आत घेऊन गेली. त्याला रडू फुटलेलं दारापर्यंत ऐकू आलं.

तिला माहीत होतं का? साडीचं तिला कधीतरी कळलं असेल का? की खरंच काही ऐकायची इच्छा नव्हती? मी मामांकडे पाहिलं. ते तोंड उघडं टाकून दाराकडे बघत होते. थोड्या वेळानं जमनाबाई आमची ताटं वाढायला बाहेर आली तेव्हा मामा अगदी हळू म्हणाले, "माय, माया...?"

"तुमचं मंग पाहू," ती वाढता वाढता म्हणाली. "आज माया पोरगा घरी आला."

येताना मामा मागच्या सीटवर एकटेच हसत होते. मी विचारलं, काय झालं. "मास्तर, मी सगळं सांगतलं, त्याच्यापेक्षा जास्तीच सांगतलं, अन् मले नाई भेटलं. त्यानं सांगाले तोंड उघडलं तं याडीनं बंद केलं, अन् त्याले सगळंच भेटलं. हे कसं काय हो?" मामा पुन्हा हसले.

प्रभुभोजनाचं ताट त्यांच्यासमोरून तसंच पुढे जात राहिलं.

नाताळानंतर माझी बदली यवतमाळला झाली. पुढे महागावला जाणं-येणं चालू राहिलं, पण मामा त्यांच्या बहिणीकडे राहायला गेले आणि पुन्हा काही भेटले नाहीत. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या नाताळच्या उपासनेला. त्यांनी आम्हाला आग्रहानं बोलावलं होतं. अब्बांनी धुतलेला पायजमा-कुर्ता घातला आणि गॅरेज बंद ठेवलं. छोटीशी खोली, रंगीत कागदांच्या झिरमिळ्या, खाली सतरंज्या, एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला बाया. आम्ही दाराशी बसलो. उपासना बरीच पुढे गेल्यावर दाराशी बांगड्या वाजल्या. जमनाबाई आली होती, देविदासला घेऊन, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. बाजारासाठी आली असेल, किंवा मामांनी तिलाही बोलावलं असेल. पिशवी मांडीवर घेऊन ती बायांच्या बाजूला, दारालगतच बसली आणि देविदास तिच्याजवळ उंबऱ्यात टेकला.

भाकरीचं ताट फिरायला लागलं. जमनाबाई मान उंचावून पाहत होती. "इतकुसाच तुकडा देतेत?" तिनं देविदासला विचारलं, तिच्या मते हळूच. पुढच्या दोन ओळींनी वळून पाहिलं.

मामा माणसांच्या दुसऱ्या रांगेत होते. ताट त्यांच्यासमोर आलं. मला वाटलं आता ते मान खाली घालतील. त्यांनी घातली नाही. त्यांचा हात थोडा वर आला आणि ताटाच्या काठाशी येऊन थांबला. पाळकसाहेब ताट धरून उभे राहिले. हात पुढे जाईना आणि मागेही येईना. कुणीतरी खोकललं. अब्बांनी माझा दंड घट्ट धरलेला होता. मामांच्या पाठीमागची माणसं वाट पाहत होती, कुणाच्या तरी कडेवरचं लेकरू कुरकुरायला लागलं होतं.

"घ्या ना हो!" जमनाबाई मागून मोठ्यानं म्हणाली. "कायले थांबले? लोकं खोळंबले."

मामांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा समोर वळले आणि भाकर घेतली.